पौंडाचा भाव आणि वहीतील मिती

व्यापारी घरातील जुनी वही उघडली की प्रथम दृष्टीस पडते ती मिती. रक्कम कितीही मोठी असो, तिच्यापुढे मिती नसेल तर ती नोंद पुरावा म्हणून उभी राहत नाही, हे पेढीवर नव्याने बसलेल्या मुलालाही शिकवावे लागत नाही. हाच नियम परकी चलनाच्या भावाला मात्र क्वचितच लावला जातो. ‘पूर्वी पौंड तेरा रुपयांना मिळत असे’ हे वाक्य अनेक घरांतील ज्येष्ठांच्या तोंडी असते. वाक्य खोटे नाही. पण ते १९२७ ते १९६६ या काळापुरतेच खरे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पौंड पंधरा रुपयांना होता. १९२० च्या आरंभी काही आठवडे तो आठ रुपयांच्याही खाली उतरला होता. १८९४-९५ मध्ये तो अठरा रुपयांच्या वर होता आणि १९६८ मध्येही तो पुन्हा अठरा रुपयांनाच मिळत होता. पहिल्या अठरा रुपयांच्या वेळी रुपया घसरत चालला होता. दुसऱ्या वेळी पौंडच घसरलेला होता. आकडा तोच, अर्थ उलटा. मितीवाचून दर सांगणे म्हणजे नाव न घालता खाते लिहिणे होय.

रुपया आणि पौंड यांच्या भावाचा दीडशे वर्षांचा आलेख पाहणे हा केवळ इतिहासाचा छंद नव्हे. त्या आलेखात व्यापाऱ्यांच्या भांडवलाचे, पतीचे आणि दिलेल्या शब्दाचे हिशेब दडलेले आहेत.

चांदीचा रुपया, सोन्याचा पौंड

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकाच वजनाचा रुपया चालू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. इंग्लंडचा पौंड सोन्याचा होता. त्याचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. पुढील सगळा हिशेब या २४० मध्ये आहे. रुपयाला २४ पेन्स मिळत असतील तर पौंड दहा रुपयांचा, १६ पेन्स मिळत असतील तर पंधरा रुपयांचा.

त्या काळी हा भाव कोणी ठरवून दिलेला नव्हता. लंडनच्या बाजारात एक औंस चांदीला किती पेन्स पडतात, त्यावर तो अवलंबून असे. १८७० च्या सुमारास चांदी औंसाला साठ पेन्सच्या आसपास होती आणि रुपया दोन शिलिंगांच्या जवळ होता. त्यानंतर जर्मनीने सोन्याचे नाणे स्वीकारून चांदी विकावयास काढली, युरोपातील इतर देशांनीही चांदीसाठी आपल्या टांकसाळी बंद केल्या, आणि अमेरिकेतील नव्या खाणींची चांदी बाजारात येऊ लागली. चांदी उतरली, तिच्याबरोबर रुपयाही उतरला. १८७१-७२ मध्ये सरासरी २३ पेन्स असलेला रुपया १८९२-९३ मध्ये १५ पेन्सवर आला.

या घसरणीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. कापूस, गहू, तेलबिया परदेशी पाठविणाऱ्याला तेवढ्याच पौंडांचे अधिक रुपये मिळाले. विलायती माल मागविणाऱ्याला अधिक रुपये मोजावे लागले. सर्वांत मोठी ओढाताण सरकारची झाली; कारण अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, कर्जावरील आणि रेल्वेवरील व्याज हा विलायतेत करावयाचा खर्च पौंडात होता आणि कर मात्र रुपयांत गोळा होत होता. यासाठी भारतमंत्र्यांच्या वतीने लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडमध्ये दर बुधवारी हुंड्यांची विक्री होई. त्या ‘कौन्सिल बिल’ म्हणून ओळखल्या जात. हुंडी घेणारा लंडनमध्ये पौंड भरी आणि हिंदुस्थानात रुपये उचली. जुन्या दरांच्या नोंदीचा एक भरवशाचा आधार म्हणजे या साप्ताहिक विक्रीचे दर होत.

अखेर २६ जून १८९३ रोजी सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन, किरकोळ आकार भरून, तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या दिवसापासून रुपयाचा भाव त्यातील चांदीपासून सुटला आणि सरकारच्या धोरणाशी बांधला गेला. प्रथम तो आणखी घसरून १३ पेन्सपर्यंत गेला. पण नाण्यांचा पुरवठा आटल्यावर चढत १८९८ मध्ये १६ पेन्सवर आला. १८९९ मध्ये इंग्रजी सॉव्हरिन पंधरा रुपयांना कायदेशीर चलन ठरला. सोळा आण्यांच्या रुपयाला सोळा पेन्स, म्हणजे एका आण्याला एक पेनी! हा सोपा हिशेब पुढे जवळजवळ दोन दशके टिकला, आणि व्यापाऱ्यांना तो निसर्गनियमासारखा वाटू लागला. धोका नेमका तेथेच होता.

१९२० चे वर्ष

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून माल मोठ्या प्रमाणावर बाहेर गेला. त्या मानाने बाहेरून माल व सोने फारसे येऊ शकले नाही. देणी भागविण्यासाठी रुपयांची नाणी हवी होती आणि चांदी महागत होती. चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की रुपयातील चांदीच सोळा पेन्सहून अधिक किमतीची होते; म्हणजे रुपया चालविण्यापेक्षा वितळविणे फायद्याचे. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ती वेळ आली. सरकारने कौन्सिल बिलांचा दर वाढविला आणि मग चांदीमागे धावत तो वाढवीतच नेला. ऑगस्ट १९१७ मध्ये १७ पेन्स, एप्रिल १९१८ मध्ये १८, मे १९१९ मध्ये २०, ऑगस्टमध्ये २२, सप्टेंबरमध्ये २४, नोव्हेंबरमध्ये २६ आणि डिसेंबर १९१९ मध्ये २८ पेन्स. सव्वादोन वर्षांत पंधरा रुपयांचा पौंड साडेआठ रुपयांच्या आसपास आला.

विलायती कापड मागविणाऱ्यांना हा सुवर्णकाळ वाटला. महिन्यामागून महिना परदेशी माल रुपयांत स्वस्त होत होता आणि युद्धकाळात रिकामे पडलेले बाजार माल मागत होते. मँचेस्टरकडे मागण्यांचा ओघ सुरू झाला. फेब्रुवारी १९२० मध्ये बॅबिंग्टन स्मिथ समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात रुपयाचा कायम दर दोन शिलिंग, तोही सोन्याच्या मोलाने, ठेवावा अशी शिफारस होती. समितीतील एकमेव हिंदी सभासद, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमत नोंदविले आणि जुना १६ पेन्सचाच दर राखावा असे सांगितले. त्यांचे मत बाजूला राहिले.

‘दोन शिलिंग’ या शब्दांतही एक मेख होती. त्या वेळी इंग्लंडचा कागदी पौंड सोन्याच्या मानाने बराच उतरला होता. म्हणून सोन्याचे दोन शिलिंग म्हणजे कागदी चलनात दोन शिलिंग आठ पेन्सहूनही अधिक होत होते. एकाच नावाचे दोन दर एकाच बाजारात वावरत होते. हा दर टिकविण्यासाठी सरकारने हिंदुस्थानात पौंडाच्या हुंड्या, म्हणजे ‘रिव्हर्स कौन्सिल’, विकण्यास काढल्या. बाजारभावापेक्षा स्वस्त पौंड मिळत असल्याने त्यांच्यावर उड्या पडल्या. सप्टेंबर १९२० च्या अखेरीस विक्री थांबविली तोवर साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या गेल्या होत्या आणि दर काही टिकला नव्हता. त्याच सुमारास कायद्याने सॉव्हरिनची किंमत पंधराऐवजी दहा रुपये केली. बाजारात मात्र रुपया कोसळतच होता. १९२१ मध्ये तो १६ पेन्सच्याही खाली गेला. कायद्याच्या पुस्तकात पौंड दहा रुपयांचा आणि बाजारात त्याहून बराच अधिक, अशी विसंगती १९२७ पर्यंत राहिली. उद्या कोणी केवळ कायदा वाचून त्या वर्षांचा दर लिहू लागला, तर त्याचा सगळा हिशेब चुकेल.

या घसरणीचा अर्थ एका हुंडीवरून पाहावा. डिसेंबर १९१९ मध्ये, २८ पेन्सच्या दराने, एखाद्या व्यापाऱ्याने हजार पौंडांचे कापड मागविले. त्याच्या मनातील किंमत होती सुमारे ८,५७१ रुपये. माल बंदरात येऊन हुंडी भरण्याची वेळ आली तेव्हा दर १६ पेन्स असेल, तर त्याच हुंडीचे १५,००० रुपये झाले. वाढ ६,४२९ रुपयांची, म्हणजे शेकडा पंच्याहत्तर. त्यातच १९२० च्या उत्तरार्धात जगभर किमती कोसळल्या; ज्या कापडासाठी पंधरा हजार भरावयाचे, ते बाजारात पूर्वीच्या भावालाही जाईना. ज्यांनी बँकेकडून दर आधी बांधून घेतला होता ते वाचले. ज्यांनी ‘सरकारने दोन शिलिंग सांगितले आहेत’ एवढ्यावर विसंबून दर मोकळा ठेवला होता, त्यांच्यापुढे घराणे बुडण्याची वेळ आली.

मुंबई, कलकत्ता, दिल्ली येथील अनेक कापड व्यापाऱ्यांनी हुंड्या स्वीकारण्यास नकार दिला, किंवा दोन शिलिंगांच्या दरानेच पैसे भरू असे सांगितले. गाठी बंदरांत पडून राहिल्या. त्यांच्या बाजूने म्हणण्यासारखे पुष्कळ होते. राज्यकर्त्या सरकारने जाहीर केलेल्या दरावर विश्वास ठेवणे हा काही अपराध नव्हता. आणि तो दर टिकविण्याची शक्ती नसताना जाहीर करणे ही जबाबदारी सरकारची होती. पण दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट होती. करार पौंडात होता. सरकारी दराचा त्यात उल्लेख नव्हता. माल विणून, जहाजावर चढवून पाठविणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याने रुपयाच्या भावाची हमी घेतलेली नव्हती. ज्यांनी पैसे भरले त्यांचे भांडवल गेले. ज्यांनी नाकारले त्यांची पत गेली. भांडवल गेले तर ते दहा वर्षांत पुन्हा उभे करता येते. गेलेली पत परत यायला कधी कधी पिढी जावी लागते. हे सांगणे सोपे आहे. पंधरा हजारांची हुंडी समोर असताना ते आचरणे किती कठीण, याची कल्पना ज्याने पेढी चालविली आहे त्यालाच येईल.

तेरा रुपये, पाच आणे, चार पै

पुढे रुपया सावरला. १९२५-२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्सचा दर सुचविला. आयोगाचे सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत देऊन १६ पेन्सची बाजू मांडली. चढ्या दरामुळे शेतकऱ्याच्या हाती मालाचे कमी रुपये पडतील आणि देशी गिरण्यांना विलायती मालाची स्पर्धा जड जाईल, हा त्या पक्षाचा मुख्य युक्तिवाद होता. मुंबईच्या व्यापारी वर्तुळांत दोन पेन्सांचा हा फरक मोठ्या राजकीय वादाचा विषय झाला. या सर्व घडामोडींचा पूर्वेतिहास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात तपासला होता. तो ग्रंथ लंडनमध्ये १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अखेर १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सचा दर पक्का झाला. पौंड १३ रुपये ५ आणे ४ पैंचा झाला. ज्येष्ठांच्या आठवणीतला ‘तेरा रुपयांचा पौंड’ तो हाच.

हा दर जवळजवळ एकोणचाळीस वर्षे हलला नाही. पण सरळ रेषा पाहून काहीच घडले नाही असे समजणे ही मोठी चूक ठरेल. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सोन्याचा आधार सोडला तेव्हा पौंड घसरला आणि त्याला बांधलेला रुपयाही घसरला. पौंडाच्या आलेखात मात्र काही दिसले नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, भारताने तेवढेच केले, पौंड १३.३३ रुपयांनाच राहिला, पण डॉलर ३.३१ वरून ४.७६ रुपयांना गेला. पाकिस्तानने त्या वेळी अवमूल्यन नाकारले, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या दोन देशांचे चलन एकच होते, तेथे शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये असा दर झाला. पूर्व बंगालचा ताग आणि कलकत्त्याच्या गिरण्या यांच्यातील व्यवहार त्यात अडकून पडला. म्हणून एका जोडीचा आलेख पाहताना तिसरे चलन जवळ ठेवावे. दोन माणसे एकाच नावेत बसून खाली वाहत असतील, तर एकमेकांकडे पाहून त्यांना ते कळत नाही; त्यासाठी काठाकडे पाहावे लागते.

अवमूल्यन आणि त्यानंतर

६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांना आणि पौंड १३.३३ वरून २१ रुपयांना गेला. अवमूल्यन किती झाले, याची दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची किंमत शेकडा ३६.५ ने उतरली. परकी चलनाची किंमत शेकडा ५७.५ ने वाढली. टक्केवारी कोणत्या बाजूने काढली हे सांगितल्याखेरीज ती टक्केवारी अपुरीच असते.

दीड वर्षातच निर्यातदारांना उलटा धडा मिळाला. १८ नोव्हेंबर १९६७ रोजी इंग्लंडने पौंडाचे अवमूल्यन केले. या वेळी भारत मागोमाग गेला नाही. पौंड २१ वरून १८ रुपयांवर आला. हजार पौंडांचा माल पाठवून बसलेल्याच्या हाती २१,००० ऐवजी १८,००० रुपये पडणार होते. १९२० मध्ये घेणारा पोळला, १९६७ मध्ये देणारा. घेणे असो वा देणे, परक्या चलनात लिहिलेल्या रकमेत अर्धा धोका मालाचा आणि अर्धा दराचा असतो.

पुढील टप्पे थोडक्यात असे : सप्टेंबर १९७५ मध्ये रुपया पौंडापासून सोडवून अनेक चलनांच्या गटाशी जोडला गेला, जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झाले, मार्च १९९२ पासून वर्षभर सरकारी आणि बाजाराचा असे दोन दर एकत्र चालले, आणि मार्च १९९३ पासून एकच बाजारदर आला.

नोंद कशी ठेवावी

जुना दर शोधताना किंवा स्वतःची नोंद ठेवताना व्यापाऱ्याने चार गोष्टी आवर्जून लिहाव्यात.

पहिली, मिती. वर्षाची सरासरी, महिन्याची सरासरी आणि त्या दिवसाचा दर या तीन भिन्न गोष्टी आहेत. १९२० ची सरासरी कोणाही व्यापाऱ्याने प्रत्यक्ष भरली नाही. प्रत्येकाने आपापल्या दिवसाचा दर भरला.

दुसरी, दराची दिशा. जुन्या कागदांत रुपयाला इतके पेन्स असा दर आहे. तेथे आकडा वाढला म्हणजे रुपया वधारला. ऑगस्ट १९९३ पर्यंत बँकाही शंभर रुपयांना इतके परकी चलन अशा रीतीने दर सांगत. त्यामुळे बँकेत त्या काळचा नियम ‘घेताना जास्त, देताना कमी’ असा होता. पद्धत बदलताच तो ‘घेताना कमी, देताना जास्त’ असा झाला. आता आकडा वाढला म्हणजे रुपया उतरला. दोन काळांचे आकडे एकाच रकान्यात ठेवण्यापूर्वी २४० ला किंवा १०० ला भागून ते एका दिशेला आणले पाहिजेत.

तिसरी, दराचा प्रकार. आज एकाच दिवशी पौंडाचे अनेक दर असतात. जुलै २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था संदर्भ दर प्रसिद्ध करते; त्यापूर्वी ते काम रिझर्व्ह बँक करीत असे. बँकेचा टीटी खरेदी दर वेगळा, विक्री दर वेगळा, नोटांचा दर त्याहून वेगळा. सीमाशुल्क विभाग आयातीसाठी व निर्यातीसाठी स्वतंत्र दर जाहीर करतो. हे सर्व दर खरे आहेत. पण संदर्भ दराने नफा मोजून बँकेच्या दराने पैसे घेणाऱ्याचा ताळेबंद कधीच जुळणार नाही.

चौथी, आधार. दर कोठून घेतला ते शेजारी लिहावे. करविषयक चौकशीत किंवा भागीदारांच्या वाटणीत पाच वर्षांनी प्रश्न निघतो, तेव्हा स्मरण कामास येत नाही. लिहिलेला आधार येतो.

याला पाचवी गोष्ट जोडावयाची तर ती दराची नव्हे, कराराची आहे. दर बदलला तर त्याचा भार कोणावर, हे सौदा करतानाच लिहून घ्यावे, आणि जो भार आपल्यावर आहे तो पेलण्याजोगा नसेल तर त्याच दिवशी बँकेत फॉरवर्ड दर बांधून घ्यावा. त्यासाठी द्यावी लागणारी रक्कम पुष्कळांना वाया गेलेला खर्च वाटतो. १९१९ च्या डिसेंबरमध्येही तो तसाच वाटला असेल. तेव्हा दर बांधून घेतलेल्या व्यापाऱ्याने चढत्या रुपयाचा थोडा नफा सोडला. पण वर्षभराने हुंडी समोर आली तेव्हा पैसे भरावेत की शब्द मोडावा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहिला नाही.